डुकरासाठी कोणती रायफल घ्यावी? कोणतीच नाही



मका भरायला लागली, हरभरा घाट्यावर आला की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, डुकरांनी अर्धा एकर मका झोपवली. हरणं हरभरा ठेवीनात. परवाना काढायचाय. खिशाला परवडंल अशी रायफल कोणती घ्यावी? काडतूस कोणतं?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसाठी इथंच लिहितो. काहींना आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

थोडक्यात उत्तर असं. हरणासाठी कोणतंच हत्यार नाही, विषय संपला. डुकरासाठी बंदूक चालू शकते, पण रायफल नाही. आणि ती बंदूक लेखी परवानगीनं, शिकलेल्या माणसाच्या हातात पाहिजे. प्रत्येक वस्तीवर एक बंदूक हा उपाय नाही, ती नवी आफत आहे. आता कारणं सांगतो.

आधी हरणाचं

कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पारनेर, नगर या पट्ट्यात आपण ज्याला हरिण म्हणतो ते काळवीट. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, अनुसूची एक. या यादीतल्या प्राण्याला मारायची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जायबंदी, आजारी असेल तरच. "पीक खातंय" हे कारण त्या कलमात बसतच नाही. तुमचा सातबारा, पंचनामा, फोटो, सरपंचाचं पत्र, काहीही जोडा, कायद्यात ती वाटच नाही.

शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर किमान 25 हजार दंड. सलमान खानची केस आठवा. शिकार ऑक्टोबर 1998 ची, जोधपूरच्या कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली एप्रिल 2018 मध्ये. वीस वर्षं देशातले मोठमोठे वकील उभे करूनही प्रकरण मिटलं नाही. आपण तारखांना एसटीनं जाणार, हे ध्यानात घ्या.

म्हणून कोणी "हरणासाठी हे काडतूस भारी" असं सांगत असेल तर तो तुम्हाला तुरुंगाचा रस्ता दाखवतोय. असले सल्ले अमेरिकेतल्या व्हिडिओवरून उचललेले असतात. तिकडं हरणाच्या शिकारीला हंगाम असतो, परवाना मिळतो, मांस घरी नेता येतं. आपल्याकडं 1991 च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचा परवाना हा प्रकारच संपला.

डुकराचं काय?

रानडुक्कर आधी अनुसूची तीनमध्ये होतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, याद्या कमी झाल्या, आता ते अनुसूची दोनमध्ये आहे. इथं मात्र कलम 11 मध्ये वाट आहे. प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशानं, कारण नमूद करून, त्या भागातल्या प्राण्याला किंवा कळपाला मारायची परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्यानं 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी अशा परवानगीची पद्धतही ठरवून दिली. अर्ज वनक्षेत्रपालाकडं करायचा.

म्हणजे दोन कागद लागतात, ते वेगवेगळे आहेत आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, शस्त्र कायद्याखाली. डुक्कर मारायची परवानगी वन खातं देतं. पहिला कागद असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. परवान्याची बंदूक असूनही परवानगीशिवाय डुक्कर मारलं तर गुन्हाच. आणि मेलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता. ते वाटून घ्यायचं नाही, विकायचं नाही.

त्यात आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, कलम 34. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. अभयारण्य एवढंसं, पण त्याच्या भोवतीचं 10 किलोमीटरचं कडं किती गावांवरून जातं ते नकाशावर बघा. माळढोक अभयारण्याचा भाग आहे, अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड आहे. जिथं जनावराचा त्रास जास्त, तिथंच परवाना सगळ्यात अवघड.

रायफल का नाही

शस्त्र कायदा 1959, कलम 13. पिकाच्या राखणीसाठी कायद्यानं कोणतं हत्यार धरलंय? ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर 20 इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर. शेतीराखणीच्या या कलमात रायफलीचं नाव नाही. कायदा करणारे शेतकऱ्यांचे वैरी होते म्हणून नव्हे. यामागं साधा हिशोब आहे, तो समजून घ्या.

रायफलीच्या नळीला आतून आटे असतात. गोळी फिरत निघते, सरळ जाते आणि लांब जाते. भारतात सामान्य परवानाधारकाला मिळणारी ठरलेली रायफल म्हणजे ईशापूरच्या कारखान्याची .315. तिची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीत होतात. इंग्रजांनी सैन्याची .303 लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून नागरिकांना हा वेगळा बोअर दिला. .303 आजही आपल्याला बंदच आहे. या .315 ची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. त्याच कारखान्याची .30-06 आणखी जोरदार. आणि "मग छोटी .22 घेतो, स्वस्त पडते" म्हणणाऱ्यांनी ऐका: .22 ची गोळी डुकराला जागेवर पाडत नाही, जखमी करते, पण चुकली तर तीही दीड किलोमीटर जाऊ शकते. दोन्हीकडून तोटा.

आता ही गोळी आपल्या शिवारात सोडून बघा, मनातल्या मनात.

आपलं रान सपाट. गोळी अडवायला मागं डोंगर नाही, टेकाड नाही. घरं गावठाणात नाहीत, प्रत्येकाची वस्ती आपापल्या शेतात, दोन-तीनशे मीटरवर एक. जमीन मुरमाड, खाली खडक. खडकावर आपटलेली गोळी कुठं उडंल, सांगता येत नाही. डुक्कर येतं रात्री. आणि रात्री रानात आणखी कोण असतं? शेतीची लाईट रात्रपाळीला असली की शेजारचा गडी उसात दारं धरायला असतो, हातात एक बॅटरी. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. पाचटाच्या भिंती, आत लेकरं झोपलेली. पाचट रायफलीची गोळी अडवत नाही.

उसाचं पान हललं, दोन डोळे चमकले, दाबला घोडा. ते डुक्कर होतं, वासरू होतं, कुत्रं होतं की माणूस, हे सकाळी कळणार. राहुरी, संगमनेर, राहाता, कोपरगावकडं तर उसात बिबट्याही असतो, तो अनुसूची एक. आणि खरंच डुक्कर असलं, जखमी होऊन उसात शिरलं, तर सकाळी त्याला हुडकायला कोण जाणार? जखमी डुकराचे सुळे काय करतात ते जुन्या माणसांना विचारा.

मग बारा बोअर

बारा बोअरला मर्यादा आहे, आणि ती मर्यादाच आपल्या कामाची आहे. एलजी, एसजी हे मोठे छरे डुकरावर पंचवीस-तीस मीटरच्या आत काम करतात. एकच मोठी गोळी असलेलं काडतूस नीट नेम असणाऱ्याच्या हातात पन्नास मीटरपर्यंत. चार नंबर, सहा नंबरचे बारीक छरे पाखरांचे. ते डुकराला मारू नका, चामडीत रुततात, जनावर आठवडाभर सडून मरतं. आणि मोठा छराही चुकला तर चार-पाचशे मीटर जाऊ शकतो. कमी धोका म्हणजे धोका नाही असं समजू नका. उंचावरून, माळ्यावर बसून, खाली जमिनीकडं तोंड करून, पाठीमागं काय आहे हे उजेडी बघून ठेवलेल्या जागेवरच गोळी. धावत्या कळपावर नाही. उसात नाही. रस्त्याच्या दिशेनं नाही. दारू पिऊन तर बंदुकीला हातच नाही.

परवडणारी म्हणता, हिशोब मांडा

दुकानातली किंमत हा खर्चाचा पहिला आकडा. पुढं प्रशिक्षणाचा दाखला, कुलपाचं कपाट, नूतनीकरण, पोलीस पडताळणीचे हेलपाटे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, एवढंच बरं. त्यात निवडणूक लागली आणि छाननी समितीनं सांगितलं की बंदूक ठाण्यात जमा. 2024 साल आठवा. लोकसभेचं आपलं मतदान 13 मे ला, विधानसभेचं 20 नोव्हेंबरला. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ज्वारी वर आलेली, हरभरा उगवलेला, आणि आचारसंहिताही तेव्हाच. डुकराला आचारसंहिता लागत नाही.

आणि मारणार किती? एक मादी एका वेताला चार-सहा पिलं देते, कधी जास्त. उसात वर्षभर सावली, पाणी, खाणं. लांडगे कमी झाले. एका वस्तीवरच्या एका बंदुकीनं वर्षात दोन डुकरं पडली तर कळपाला फरक पडत नाही. तुमच्या पोरानं कपाटातून बंदूक काढून रील केली तर मात्र तुमच्या घराला फरक पडतो. बांधाच्या भांडणात ती बाहेर निघाली तर दोन घरांना पडतो. आपल्याकडं बांध कोरण्यावरून काय काय झालंय हे मी सांगायला नको.

बंदुकीपेक्षा वाईट जे चाललंय

बंदूक नको म्हणणारा मी, पण सध्या जे चाललंय ते त्याहून वाईट आहे हे कबूल करूया. कुंपणाच्या तारेत थेट लाईट सोडायची. पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवायचा. विष टाकायचं. लाईटच्या तारेनं माणसंही जातात: शेजारी, गडी, कधी घरातलाच माणूस. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वर वीजचोरी. बॉम्ब काय करतो ते केरळात 2020 साली देशानं पाहिलं. गाभण हत्तीणीच्या तोंडात स्फोट झाला, ती नदीत उभी राहून मेली. इथं तोंड शेळीचं असंल, गाईचं असंल.

कार्बाइडच्या पाईपगनी निघाल्यात. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्यापायी कितीतरी पोरांचे डोळे गेले. एअरगनचंही तेच. 20 ज्युलच्या आतली, .177 ची एअरगन बिनपरवाना मिळते हे खरं. म्हणून तिनं जनावर मारता येतं असं नाही. कायद्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच आहे.

आणखी एक बोलतो. तारेवर हरिण मेलं की संशय पहिला पारध्याच्या पालावर जातो. तार कोणाची होती हे गावाला माहीत असतं आणि गाव गप्प बसतं. हे बरं नाही.

शहरातल्या शहाण्यांनाही दोन शब्द

वरचं वाचून "बघा, शेतकरीच म्हणतोय मारू नका" असा अर्थ कोणी काढू नये. 2016 साली बिहारमधल्या मोकामात केंद्राच्या अधिसूचनेखाली बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर नीलगाई मारल्या, तेव्हा दिल्लीत एक केंद्रीय मंत्री दुसऱ्या केंद्रीय मंत्र्याच्या खात्यावर जाहीर तुटून पडल्या. चर्चा प्राण्यांच्या जिवाची भरपूर झाली. ज्यांच्या रानात ते प्राणी चरत होते त्यांच्या पिकाची किती झाली? वन्यजीव देशाचे आहेत, मान्य. मग त्यांचा चारा एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यानं का घालायचा? रेहेकुरीचं काळवीट राज्याची शान असंल तर त्यानं खाल्लेली ज्वारीही राज्याच्या खात्यावर लिहा.

मग करायचं काय

आपल्या हातातलं आधी. डुकरासाठी सौर कुंपण. त्यात धक्का सेकंदाला एकदा, क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी दोन वितींवर. खालची तार उंच गेली की डुक्कर नाक घालून आत शिरलंच. तारेखालचं गवत दर आठवड्याला काढा, नाहीतर सगळा करंट गवतात उतरतो. एकट्याच्या एकरापेक्षा दहा जणांनी मिळून गटाला घातलं तर एकरी खर्च बराच खाली येतो. मक्याभोवती एरंडीच्या, भुईमुगाभोवती करडईच्या तीन-चार दाट ओळी लावा. आमच्या पानावर कृषी विद्यापीठातले आणि केव्हीकेतले साहेब लोक वाचतात. त्यांना विनंती, आपल्या भागातली याची प्रात्यक्षिकं कुठं बघायला मिळतील ते खाली लिहा.

नुकसान झालं की फोटो, पंचनामा, अर्ज. कंटाळा करू नका. रक्कम नुकसानीच्या मानानं कमी असते, पण नोंदच नसंल तर "या गावात त्रास नाही" असं कागद म्हणतो आणि पुढचं सगळं त्या कागदावर अडतं. खरीप 2026 पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं संरक्षण आणायचं केंद्रानं जाहीर केलंय, 72 तासांत कळवायच्या अटीवर. ते आपल्या पिकाला, आपल्या जिल्ह्याला लागू होतंय का, याचा पाठपुरावा आत्ताच करा.

आता सरकारकडं मागायचं. ग्रामसभेच्या ठरावात घ्या, जसंच्या तसं उतरवून घ्या:

1. प्रत्येक तालुक्याला परवानाधारक, प्रशिक्षित नेमबाजांची यादी वन खात्यानं करावी. माजी सैनिक आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. मानधन, काडतुसं आणि विमा शासनाचा.

2. डुकराच्या परवानगीचा अर्ज ठरलेल्या दिवसांत निकाली निघावा, नाकारला तर कारण लेखी द्यावं. केरळनं मे 2022 मध्ये हा अधिकार पंचायतीच्या पातळीवर आणला: स्थानिक संस्थेचा प्रमुख मानद वन्यजीव रक्षक, गोळी घालणार यादीतला परवानाधारक, आणि विष, स्फोटक, विजेचा झटका सक्त मना. तिथंही नेमबाज कमी पडतात, सगळं सुरळीत नाही. पण निदान सुरुवात झाली.

3. पाडायचं तर आधी मोजणी, मग ठरावीक भाग, ठरावीक मुदत. गावाला आदल्या दिवशी दवंडी. त्या रात्री त्या फिडरला शेतीची लाईट नको, म्हणजे रानात दारं धरायला माणूस नसंल. त्या बदल्यात दिवसाची लाईट.

4. काळविटांसाठी स्थलांतर. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात शाजापूरकडं हेलिकॉप्टरनं कळप हाकून, जाळीच्या निमुळत्या वाड्यात घेऊन शेकडो काळविटं एकही गोळी न झाडता पकडली आणि दुसऱ्या जंगलात सोडली. कर्जत-श्रीगोंद्यात हे का होऊ नये, याचं उत्तर वनमंत्र्यांनी द्यावं.

5. सामूहिक सौर कुंपणाला अनुदान, आणि ते फक्त जंगलाच्या कडेच्या गावांना नको. डुकराचं जंगल आता ऊस आहे.

यातलं एकही मागणं बंदुकीच्या दुकानात मिळत नाही. पण गावोगावच्या निवडणुकीत "शेतकऱ्याला बंदूक देऊ" ही घोषणा टाळ्या घेते, कारण ती द्यायला सरकारला काही लागत नाही. पैसा तुमचा, गोळी तुमची, चुकली तर तुरुंगही तुमचा. राखण तुम्ही करा आणि जबाबदारीतून आम्हाला सोडा, एवढाच त्या घोषणेचा अर्थ आहे.

म्हणून रायफलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे असतील तर चार शेजाऱ्यांना बोलवा, बांधावर बसा, कुंपणाचा हिशोब काढा. आणि येत्या ग्रामसभेत वरचा ठराव मांडा. ठराव झाला की त्याची प्रत वनक्षेत्रपालाकडं द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.